गंजलेल्या मोटारीची कुळकथा

महोत्सवाच्या अंकांत गंजलेल्या मोटारीचें प्रकरण कशाला, असा प्रश्न कित्येकांच्या मनांत येईल. आमचें उत्तर एवढेंच कीं, जुन्या वस्तूचा काळ कसा ठरवावा हा प्रश्न देवळाच्या घंटेबद्दल असो वा मोटारीबद्दल असो, एकाच जातीचा आहे. आणि आपल्या मराठवाड्यांत मोटारीच्या बाबतींत जितक्या ऐकीव गोष्टी चालतात तितक्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या बाबतींत चालत नसतील. जुन्या वाड्याच्या मागें, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारांत किंवा बांधावरील बाभळीखालीं एखादा लोखंडी सांगाडा पडलेला असतो. टपाचें कापड केव्हांच गेलेलें, गादीचा काथ्या उंदरांनीं नेलेला, दिवे कोणी काढून घेतलेले, आणि चाकांच्या जागीं दगड. जवळ उभ्या असलेल्या माणसास विचारावें, तर बहुधा तीन उत्तरांपैकीं एक मिळतें: "साहेबाची मोटार", "निजामाची मोटार", किंवा आवाज जरा खालीं आणून, "रझाकारांची गाडी". हीं तीन उत्तरें म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचीं तीन प्रकरणेंच होत. म्हणून तीं हंसण्यावारीं नेऊं नयेत. पण तपासल्यावांचून कागदावर उतरूनही ठेवूं नयेत.

पहिलें उत्तर घेऊं. हिंगोली शहरांत एके काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. निजामाच्या राज्यांतील ही फौज इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालीं असे, आणि हिंगोली हें तिच्या प्रमुख ठाण्यांपैकीं एक होतें. त्यामुळें "साहेब" हा शब्द येथल्या लोकांच्या तोंडांत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. परंतु १९०२ सालीं लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यांत वऱ्हाडासंबंधीं करार झाला. त्यानंतर ही फौज हिंदुस्थानच्या लष्करांत मिळविण्यांत आली, आणि १९०३ सालीं हिंगोलीचें लष्करी ठाणें उठलें. आतां मोटारीचें पाहा. खुद्द मुंबईस पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास दिसूं लागल्या. हिंगोलीस तर त्या वेळीं आगगाडीही नव्हती. पूर्णेहून निघालेला मीटर गेजचा फांटा येथें १९१२ सालीं पोंचला. म्हणजे छावणी मोडली तेव्हां मोटार हें मुंबई-कलकत्त्यांतील श्रीमंतांचें नवें खेळणें होतें. छावणींतील साहेबाची म्हणून दाखविली जाणारी मोटार जर विजेच्या दिव्यांची, चारही चाकांस ब्रेक असलेली आणि पत्र्याच्या चाकांची असेल, तर ती त्या साहेबानें पाहिलीही नव्हती हें उघड आहे. पुढें रेल्वेचे, सडकांचे वा पाटबंधाऱ्यांचे कोणी अधिकारी मोटारींतून आले असतील व त्यांसही लोक साहेबच म्हणत असतील, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मग तो साहेब निराळा आणि काळही निराळा.

येथें विचार करण्याची रीत लक्षांत घ्यावी. मोटारीच्या ज्या भागांत मागाहून बदल झालेला नाहीं, त्यांतील सर्वांत नवा भाग कोणत्या सालीं प्रथम निघाला तें पाहावें. मोटार त्या सालापूर्वींची असूं शकत नाहीं. हा एकच नियम हातीं असला तरी अर्ध्या दंतकथा तेथल्या तेथें गळून पडतात. अडचण एवढीच कीं, खेड्यांतल्या मोटारीचे भाग फार बदललेले असतात. दिवे फुटले कीं दुसऱ्या गाडीचे बसवितात, एंजिन थकलें कीं लॉरीचें घालतात. यासाठीं ज्या भागावर बाकी सर्व उभें असतें तो लोखंडी सांगाडा, म्हणजेच चॅसिस, आधीं पाहावा आणि शोभेचे भाग मागाहून पाहावे. लोक मात्र नेमके उलटें करतात; बॉनेटवरची पितळी बाहुली बघून गाडीचें नांव ठेवतात.

सर्वांत सोपी ओळख फोर्डच्या "मॉडेल टी" ची. ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघाली, आणि तिचे दीड कोटी नग जगभर गेले. तिच्या खालीं वांकून पाहावें. बहुतेक गाड्यांचे कमानपाटे गाडीच्या लांबीला समांतर, प्रत्येक चाकाजवळ एक, असे असतात. फोर्डला पुढें एक व मागें एक असे दोनच पाटे, आणि तेही आडवे, या चाकापासून त्या चाकापर्यंत. पायाखालीं तीन पायट्या असतात खऱ्या, पण त्यांचें काम आजच्या गाडीसारखें नव्हे: डावी पायटी वेग बदलण्याची, मधली गाडी मागें नेण्याची, आणि उजवी ब्रेकची. आजचा चालक तिच्यावर बसला तर पहिल्या दहा पावलांतच भिंतीवर जाईल. रेडिएटर पितळेचा असेल तर गाडी १९१६ किंवा त्यापूर्वींची समजावी. त्यानंतर फोर्डनें तो काळ्या रंगाचा केला. १९२७ च्या अखेरीस आलेल्या "मॉडेल ए" चे पाटेही आडवेच, परंतु तिला चारही चाकांस ब्रेक आहेत, तारेच्या आऱ्यांचीं चाकें आहेत, व गिअरचा दांडा चालकाच्या उजव्या-डाव्या हाताशीं, नेहमीच्या जागीं आहे. म्हणून केवळ आडवा पाटा पाहून "टी" म्हणूं नये.

दिवेही बोलतात. आरंभींच्या गाड्यांस कार्बाइडचा गॅस जाळणारे दिवे असत. पायरीवर किंवा मागें त्या गॅसचा पितळी डबा बसविलेला असे. १९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कंपनीनें विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे आपल्या सर्व गाड्यांत घातले, आणि मग हळूहळू पुढचें हँडल फिरवून मनगट मोडून घेण्याचा काळ सरला. पुढच्या चाकांस ब्रेक बसविण्याची चाल १९२० नंतरच्या दशकांत सार्वत्रिक झाली. मडगार्डच्या पोटांत गेलेले दिवे तीसच्या दशकाच्या अखेरीचे. ही शिडी उतरत उतरत गेलें, तर नांव न कळतांही साल पांच-सात वर्षांच्या आंत बांधतां येतें.

एक साक्षीदार मात्र पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. तो जुन्या मिस्त्रीच्या पान्यांच्या पेटींत असतो. विलायती गाड्यांचे नट त्या काळीं व्हिटवर्थच्या मापाचे, अमेरिकेच्या गाड्यांचे इंचाच्याच पण निराळ्या मापाचे, आणि फ्रान्स-इटलीच्या गाड्यांचे मिलिमीटरचे. गंजलेल्या नटावर कोणता पाना चपखल बसतो यावरून गाडीचा देश कळतो. यांतही एक गंमत आहे. विलायतेच्या मॉरिस कंपनीचीं एंजिनें कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळ फ्रेंच कारखान्याच्या शाखेंत होत, तीं यंत्रें फ्रेंच मापाचीं. म्हणून कित्येक वर्षें मॉरिसच्या नटांचीं डोकीं व्हिटवर्थचीं आणि आटे मिलिमीटरचे राहिले. असा विजोड नट हातीं आला तर गाडी फ्रेंच म्हणण्याची घाई न करतां मॉरिस तर नाहीं ना, हें पाहावें.

गाडी परदेशची म्हणजे ती बोटींतून सबंधच उतरली असें मानण्याचेंही कारण नाहीं. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें कारखाना काढला. पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून शेव्हरोलेसारख्या गाड्या तेथें तयार होत. तो कारखाना १९५४ सालीं बंद झाला. मराठी मुलखांतील कित्येक जुन्या अमेरिकन गाड्यांची जन्मभूमि म्हणूनच डेट्रॉइट आणि जुळणीची जागा शिवडी, अशी दुहेरी आहे. १९२९ पासूनच्या शेव्हरोलेस सहा सिलिंडरांचें एंजिन आहे, त्यापूर्वींच्यांस चार. सिलिंडर मोजावयास तर गंजाची कांहींच अडचण होत नाहीं. स्पार्क प्लगचीं भोकें मोजलीं कीं झालें.

मोटार समजून लोक कधीं कधीं बसचा सांगाडाही दाखवितात. निजाम सरकारच्या रेल्वेनें जून १९३२ मध्यें आपलें रस्ता-वाहतूक खातें सुरू केलें, तें २७ बसगाड्यांनिशीं. त्यांतील अल्बियन कंपनीच्या गाड्या स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या. सांगाड्याच्या पट्ट्या जाड, मागलीं चाकें जोडीचीं, आणि दोन आंसांतील अंतर फार. एवढ्यावरून ती घरगुती मोटार नव्हे हें ठरतें.

आतां तिसरें उत्तर, आणि तें सर्वांत जपून हाताळण्यासारखें आहे. १९४७-४८ चें वर्ष मराठवाड्यानें कसें काढलें हें ज्यांच्या घरांतून कोणी गेलें त्यांस सांगावयास नको. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा हैदराबाद संस्थानांत शिरल्या आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. त्या वर्षाची आठवण अजून इतकी ओली आहे कीं, कोठें जुनी जीप पडलेली दिसली कीं ती रझाकारांची होय असें कोणी तरी म्हणतोच. म्हणणाऱ्यास त्यांत कांहीं वाटत नाहीं. पण ती जीप ज्याच्या आवारांत पडली आहे त्या घराण्याच्या माथीं एक डाग बसतो, आणि तो पुसण्यास त्या घरांतल्या नातवांपाशीं कांहीं साधन नसतें. साधन असलेंच तर तें त्या जीपमध्येंच आहे.

लढाईंतील जीप म्हणजे विलिस कंपनीची "एमबी" व त्याच नमुन्याची फोर्डची "जीपीडब्ल्यू". दोन्ही मिळून १९४१ ते १९४५ पर्यंत सहा लाखांवर निघाल्या, आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या जादा मालाबरोबर त्या अनेक देशांत विकल्या गेल्या. तिच्या तोंडावरील जाळीस उभ्या फटी नऊ. दिवे लहान व जाळीच्या रेषेच्या आंत दबलेले. मागची बाजू सलग, उघडणारी फळी नाहीं. १९४५ पासून विलिसनें नागरी लोकांसाठीं जीप काढली, तिला फटी सात, दिवे मोठे व बाहेर आलेले, आणि मागें उघडणारी फळी. आपल्याकडे महिंद्र कंपनीनें १९४७ सालापासून मुंबईस विलिसच्या जीप जोडण्यास आरंभ केला. पुढें १९५३ सालीं अमेरिकेंत "सीजे-३बी" हा नमुना निघाला. त्यांत एंजिन उंच झाल्यामुळें बॉनेट इतकें उंच आलें कीं लांबूनही तें ओळखूं येतें. आपल्या रस्त्यांवर नंतर वर्षानुवर्षें धांवलेली जीप ती हीच. तेव्हां उंच बॉनेटची जीप पाहून कोणी रझाकारांचें नांव घेतलें, तर त्यास शांतपणें सांगावें कीं, हा नमुना रझाकारांची संघटना मोडल्यावर पांच वर्षांनीं जन्मास आला.

नऊ फटींची जीप निघाली तर मात्र सावध राहावें. ती १९४८ सालीं अस्तित्वांत होती, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. तिच्यांत कोण बसत होतें हें नऊ फटींवरून कळत नाहीं. तीच जीप १९५५ सालीं लिलावांत कोणा कंत्राटदारानें घेतलेली असूं शकेल. लोखंड खोटी गोष्ट पाडण्यास जितकें समर्थ, तितकें खरी गोष्ट उभारण्यास समर्थ नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे.

राहिली निजामाची मोटार. या बाबतींत दंतकथेपेक्षां सत्य अधिक चमत्कारिक आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं विलायतेस रोल्स-रॉइस कंपनीच्या "सिल्व्हर घोस्ट" जातीची एक मोटार मागविली. रोल्स-रॉइस त्या काळीं केवळ सांगाडा व एंजिन करीत असे. वरचा साज दुसऱ्या कारागिरांकडून चढवून घ्यावा लागे. या गाडीचा साज लंडनच्या बार्कर कंपनीनें केला: पिवळा रंग, उंच छप्पर, चांदीचीं कलाकुसरीचीं कामें, आणि आंत मागच्या बाजूस सिंहासनासारखें उंच आसन. त्यावरूनच तिला "तख्ताची मोटार" असें नांव पडलें. मागविणाऱ्याच्या नशिबीं मात्र ती नव्हती. महबूब अली खान २९ ऑगस्ट १९११ रोजीं वारले, आणि गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या वांट्यास आली. तीही समारंभापुरतीच बाहेर निघे. एवढ्या मोठ्या आयुष्यांत ती फारच थोडे मैल चालली.

उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजीं वारले. गादीचे वारस असलेले त्यांचे नातू पुढें ऑस्ट्रेलियास जाऊन राहिले, आणि हैदराबादच्या राजवाड्यांच्या आवारांत मोटारींची एक सबंध पलटणच टायर बसलेल्या, कांचा गेलेल्या स्थितींत धूळ खात पडली. अशा ढिगांत एक गाडी तख्ताची होय, हें कशावरून ठरावें? पिवळा रंग पुसट होतो; चांदी तर सर्वांत आधीं जाते. पण रोल्स-रॉइसच्या प्रत्येक सांगाड्यास स्वतंत्र क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाचें टिपण कंपनीनें ठेवलेलें आहे: सांगाडा कोणासाठीं केला, साज कोणी चढविला, माल केव्हां रवाना झाला. हीं टिपणें आज विलायतेंतील रोल्स-रॉइस प्रेमींच्या मंडळानें जतन केलेलीं आहेत. आपल्या धर्मग्रामांत एखाद्याचा बाप्तिस्मा केव्हां झाला यावर वाद झाला, तर आजीच्या आठवणीचा मान राखूनही शेवटीं नोंदवही उघडावी लागते. त्यांतलाच हा प्रकार. सिल्व्हर घोस्ट जातीच्या गाड्या १९०७ ते १९२६ या काळांत आठ हजारांच्या आंत निघाल्या. इतक्या थोड्या असल्यामुळें एकेकीची कुळकथा सांगतां येते. फोर्डच्या दीड कोटींत तें शक्य नाहीं. या शतकाच्या आरंभीं राजकन्या एस्रा यांच्या देखरेखीखालीं चौमहल्ला राजवाड्याचा जीर्णोद्धार झाला. तख्ताची मोटारही दुरुस्त होऊन आज तेथें पाहावयास ठेवलेली आहे. हैदराबादेस जाणाऱ्यांनीं चारमिनार पाहून परतूं नये. राजवाडा तेथून पायीं जाण्यासारखा आहे.

येथेंच एका लाडक्या गोष्टीचा निकाल लावून टाकतों. रोल्स-रॉइसच्या विक्रेत्यानें अपमान केला म्हणून संस्थानिकानें त्या गाड्यांस खराटे बांधून शहराचा कचरा काढविला, ही कथा आपण सर्वांनींच ऐकली आहे. ती निजामाची म्हणून सांगतात, अलवारच्या राजाची म्हणून सांगतात, भरतपूरची व पतियाळाचीही म्हणून सांगतात. जी गोष्ट चार दरबारांत एकाच शब्दांत घडते, ती बहुधा एकाही दरबारांत घडलेली नसते.

उलट, जी कोणीही थाप म्हणेल अशी एक मोटार खरोखर होती. कलकत्त्यांतील रॉबर्ट मॅथ्यूसन या गोऱ्या गृहस्थानें १९१० सालीं विलायतेच्या ब्रूक कंपनीकडून राजहंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. हंसाची मान बॉनेटवर उभी, डोळ्यांत विजेचे दिवे, आणि चोंचींतून वाफ! ती रस्त्यावर येतांच इतका गोंधळ उडाला कीं पोलिसांनीं तिला बंदी केली असें सांगतात. पुढें ती नाभाच्या महाराजांकडे गेली, आणि तेथें अनेक दशकें दुर्लक्षित पडून तिची पार दुर्दशा झाली. १९९१ सालीं हॉलंडमधील लाउमन संग्रहालयानें ती विकत घेऊन, उरलेल्या अवशेषांच्या आधारें पूर्ववत् उभी केली. आज ती हेग शहरांत आहे. तिला ओळखण्यास कोणत्याही क्रमांकाची गरज नव्हती. पण ओळखून घेणारा कोणी आपल्या देशांत त्या वेळीं पुढें आला नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आतां थोडें व्यवहाराचें. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या मोटारींसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, मूळ रूपांत ठेवलेली व सांगाडा, साज वा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी "व्हिंटेज" ठरते, आणि तिच्या क्रमांकांत "व्हीए" हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये लागतात. अर्जाबरोबर पूर्वी नोंदलेल्या गाडीचें जुनें नोंदणीपत्र, आणि परदेशांतून आणलेल्या गाडीचा आयातीचा कागद द्यावा लागतो. आपल्या भागाचें दुर्दैव असें कीं, हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत, मग मुंबई राज्यांत, १९६० पासून महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यांत होता. इतक्या कचेऱ्या बदलल्यावर एखाद्या गाडीचे कागद सांपडणें कठीणच. "एमएच ३८" हा आजचा हिंगोलीचा क्रमांक जुन्या गाडीवर दिसला, तर पाटी नवी आहे एवढेंच समजावें. गाडीबद्दल त्यावरून कांहीं ठरवूं नये.

म्हणून कोणाच्या आवारांत असा सांगाडा असेल तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं इतकें करावें. बॉनेटच्या मागच्या पत्र्यावर, एंजिनाच्या बाजूस आणि सांगाड्याच्या पुढच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक शोधावा. कानसीनें खरवडूं नये, आंकडे जातात. रॉकेलांत भिजविलेलें फडकें रात्रभर बांधून ठेवावें व सकाळीं मऊ ब्रशनें घांसावें. मग त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा आंकडाही उमटतो. सकाळच्या तिरप्या उन्हांत फोटो काढावा. आणि आंस हरवलेला असेल तर शेजारच्या शेतांतली टायरगाडी पाहण्यास विसरूं नये. वसमत-कळमनुरीपासून सेनगांवपर्यंत बैल कित्येक वर्षें जुन्या मोटारींच्या आंसांवर माल ओढीत आले आहेत, आणि गाडीवानाची परवानगी घेऊन खालीं वांकल्यास त्या आंसावरही कारखान्याचीं अक्षरें वाचावयास मिळतात.